पहिल्या महायुद्धात आजाराने वारलेले चुलत पणजोबा आणि गावच्या फलकावरचे त्यांचे नाव

नमस्कार. तुमचा प्रश्न मी सावकाश दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, त्यामुळे मला तो कसा समजला ते आधी लिहितो. काही चुकले असेल तर जरूर सांगा.

तुमचे गाव भुदरगड तालुक्यातले. तुमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ १९१५ च्या दसऱ्यानंतर पलटणीत गेले आणि परत आले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस-वीस असावे, लग्न झालेले नव्हते. ते 'बसऱ्याच्या लढाईत पडले' असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर तुम्हाला त्यांचे नाव सापडले आहे: ११७ मराठा पलटण, मृत्यू ऑगस्ट १९१६, बसरा स्मारक. त्याच सुमारास ट्रंकेतून एक फाटका इंग्रजी कागदही निघाला. त्यावर नंबर, नाव आणि 'डाइड ऑफ डिसीज' एवढेच शब्द शाबूत आहेत, ठिकाणाचा भाग फाटून गेला आहे. ग्रामपंचायत गावातील हुतात्म्यांचा फलक लावणार आहे. हा कागद पाहून एका ज्येष्ठांनी हरकत घेतली की, आजाराने वारलेल्या माणसाचे नाव हुतात्म्यांत कसे बसते. घरात आजींना वेगळीच काळजी लागली आहे. इतकी वर्षे त्यांचा म्हाळ चतुर्दशीला घातला, तो चुकला का, असे त्या विचारत आहेत.

तुम्ही विचारले आहे, 'ते नक्की कशाने आणि कुठे वारले हे कसे शोधायचे?' परंतु माझ्या समजुतीप्रमाणे तुमची खरी अडचण शोधाची नाही. हाती आलेल्या एका कागदाने घरातला एक माणूस लहान झाल्यासारखे तुम्हाला वाटते आहे, हे तुमच्या लिहिण्यातून जाणवते. म्हणून मी दोन्हींबद्दल लिहितो.

माझ्याविषयी थोडे. सैन्याच्या कारकुनी विभागात माझी चोवीस वर्षे नोकरी झाली. निवृत्त होऊन कोल्हापुरात स्थायिक झाल्यावर गेली अठरा वर्षे पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदी शोधायला त्यांच्या घरच्यांना मदत करतो. कागल, पन्हाळा, शाहूवाडी, गडहिंग्लज, चंदगड या सगळ्या भागांतली घरे मी पाहिली आहेत. त्या अनुभवावरून पहिलीच गोष्ट सांगतो की, पहिल्या महायुद्धातल्या आपल्या शिपायाबद्दल सगळे कधीच कळत नाही. किती कळेल हे घरात काय टिकले आहे यावर, नावाचे स्पेलिंग कसे झाले आहे यावर आणि तो कोणत्या महिन्यात कोणत्या ठिकाणी होता यावर अवलंबून असते. तुमच्या बाबतीत पलटण आणि महिना हे दोन्ही हाती आहेत, आणि इतके फार थोड्या घरांना मिळते.

आधी 'डाइड ऑफ डिसीज' या शब्दांविषयी. त्या काळच्या लष्करी याद्यांत मृत्यूचे प्रकार ठरलेले होते: लढताना ठार, जखमांनी मृत्यू, आजाराने मृत्यू, आणि बेपत्ता. कागदावर नुसते 'डाइड' एवढेच असले तर बहुधा आजार किंवा अपघात समजावा. हे प्रकार हिशेबासाठी केलेले होते, त्यांत मानाची उतरंड नव्हती. मेसोपोटेमियाच्या म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीचा ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांचा जो अधिकृत हिशेब नंतर छापला गेला, त्यात लढताना ठार झालेले सुमारे ११ हजार, जखमांनी दगावलेले सुमारे ४ हजार, आणि आजाराने गेलेले १२ हजारांहून अधिक आहेत. म्हणजे त्या आघाडीवर लढताना जागीच ठार झालेल्यांपेक्षा आजाराने गेलेले अधिक होते. बगदाद जिंकणारा सेनापती जनरल मॉड हासुद्धा १८ नोव्हेंबर १९१७ रोजी बगदादमध्येच पटकीने मेला. तेव्हा आजाराने वारलेला शिपाई हा त्या मोहिमेतला अपवाद मुळीच नव्हता.

आणि हा आजार काही आकाशातून पडलेला नव्हता. या मुद्द्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण फलकाच्या वादाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज बसऱ्यात उतरली ती मुख्यतः हिंदुस्थानातून गेलेली होती, आणि तिची रसद, औषधे, बोटी पुरवण्याची जबाबदारीही इथल्या सरकारकडे होती. वर जाण्यासाठी धड रस्ता नव्हता, सुरुवातीला रेल्वे नव्हती, होती ती तैग्रिस नदी आणि तिच्यात चालणाऱ्या मोजक्या आगबोटी. फौज नदीने शेकडो मैल वर सरकत गेली, पण बोटी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. ज्या बोटीने दारूगोळा वर जायचा तिनेच धान्य जायचे, आणि परत येताना तिच्याच डेकवर आजारी आणि जखमी खाली आणायचे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉन येथे झालेल्या लढाईनंतर अशी एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले मेजर कार्टर तिथे रुग्णनौकेवर होते. त्यांनी नंतर चौकशी आयोगापुढे जे सांगितले ते वाचवत नाही. माणसे उघड्या डेकवर एकमेकांना चिकटून पडलेली होती, बहुतेकांना हगवण लागलेली होती, अंगाखाली काही नव्हते, आणि बोटीच्या बाजूवर विष्ठेचे ओघळ वाळून लोंबत होते. त्यांनी हे वरिष्ठांना कळवले तेव्हा आधी त्यांनाच दटावण्यात आले. पुढे १९१७ च्या मध्यास मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले.

तुमचे चुलत पणजोबा गेले तो १९१६ चा उन्हाळा तर सर्वांत वाईट होता. पटकी, हगवण, विषमज्वर, हिवताप, उष्माघात हे सगळे एकदम होते, आणि हिंदी शिपायांमध्ये त्यात स्कर्व्हीची भर पडली. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलतात, पाय जड होऊन माणसाला उठवत नाही, भरून आलेल्या जखमासुद्धा पुन्हा उकलतात. कारण साधे होते: ताजी भाजी नाही. हिंदी शिपायाच्या शिध्यात आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ हे कोरडे सामान असे. भाजी आणायला बोट नाही, आणि आणलीच तर त्या उन्हात टिकत नाही. याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याचा गुण नसतो, पण तेच भिजवून मोड आणले की तो येतो. ज्या मुलाच्या घरी आई फडक्यात बांधून मटकीला मोड आणत होती, तो मुलगा पोत्यातली कोरडी डाळ खाऊन खंगला असेल, या विचाराने आजही मला अस्वस्थ व्हायला होते. तो स्कर्व्हीनेच गेला असे माझे म्हणणे नाही, कारण तुमच्या कागदात रोगाचे नाव नाही. पण जो आजार अपुऱ्या बोटींमुळे, अपुऱ्या शिध्यामुळे आणि अपुऱ्या औषधांमुळे आला, तो युद्धाचाच घाव होता, हे मात्र मी खात्रीने म्हणेन.

आता ते कुठे वारले याविषयी. इथे तुमच्या हातातल्या दोन गोष्टी, '११७ मराठा' आणि 'ऑगस्ट १९१६', एकमेकींशेजारी ठेवल्या की एक पेच उभा राहतो.

११७ मराठा ही पलटण जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. १०३ आणि ११० या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. टेसिफॉनहून मागे फिरून ही डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात आली, ७ डिसेंबर १९१५ रोजी शत्रूचा, म्हणजे तुर्कांचा, वेढा पूर्ण झाला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस येऊन तिने शरणागती पत्करली. त्यानंतर कैद्यांना बगदाद, मोसुलच्या वाटेने वाळवंटातून चालवत नेले. पुष्कळ हिंदी शिपायांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामाला लावले, आणि त्यांतले कितीतरी भुकेने व आजाराने संपले. त्यामुळे ऑगस्ट १९१६ मध्ये ११७ पलटणीचा शिपाई आजाराने वारला असेल, तर दोन शक्यता राहतात. एक, तो कुतमध्ये होता आणि तुर्कांच्या कैदेत वारला. दुसरी, तो नंतर पाठवलेल्या भरतीच्या तुकडीतला होता, कुतपर्यंत पोहोचूच शकला नाही, नदीच्या खालच्या भागात दुसऱ्या तुकडीला जोडला गेला आणि अमारा (हे कुत-अल-अमाराहून वेगळे, नदीच्या खालच्या अंगाचे गाव) किंवा बसऱ्याच्या इस्पितळात वारला.

या दोन गोष्टी घरच्यांसाठी फार वेगळ्या आहेत. पहिल्या बाबतीत मृत्यूची तारीख पक्की मानता येत नाही, कारण कैदेतल्या मृत्यूची खबर उशिरा आणि तुटक येत असे. दुसऱ्या बाबतीत तो आपल्याच माणसांत, इस्पितळाच्या तंबूत वारला आणि तारीख बहुधा खरी आहे.

निवाडा कसा करायचा? तुम्ही लिहिले आहे की, घरात एक गोल जाड थाळीसारखी वस्तू आणि 'एक-दोन बिल्ले' आहेत. ते बिल्ले कृपया नीट पाहा. त्या युद्धातल्या हिंदी शिपायाला साधारणपणे दोन किंवा तीन पदके मिळत. एक चांदीचे गोल, ब्रिटिश वॉर मेडल. दुसरे सोनेरी झाक असलेले कांस्याचे गोल, व्हिक्टरी मेडल. आणि तिसरे कांस्याचा चांदणीच्या आकाराचा तारा, ज्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आणि वर मुकुट आहे. हा तारा फक्त त्यांनाच मिळाला जे ३१ डिसेंबर १९१५ च्या आत युद्धभूमीवर पोहोचले होते. तुमच्या घरात तारा असेल तर ते १९१५ संपण्यापूर्वी तिकडे गेले होते आणि कुतची शक्यता उरते. तारा मुळात दिलेलाच नसेल तर ते १९१६ मध्ये पोहोचले, आणि तेव्हा कुत वेढ्यात होते, आत जाण्याचा मार्गच नव्हता.

घरातली आठवणही इथे उपयोगी पडते. 'दसऱ्यानंतर पलटणीत गेले' याचा अर्थ नवी भरती असा असेल, तर भरतीनंतर कवायत आणि नेमबाजी शिकण्यात काही महिने जात. १९१५ च्या दसऱ्यानंतर भरती झालेला पोर त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुतमध्ये असणे मला अशक्य वाटते. पण 'दसऱ्याला सुटीवर आले होते आणि परत पलटणीत गेले' असा अर्थ असेल तर हिशेब वेगळा होतो, कारण मग ते जुने शिपाई ठरतात. आजींना हे एकदा शांतपणे विचारा. विचारताना 'ते कुतला होते का?' असे विचारू नका, म्हातारी माणसे आपल्या प्रश्नातला शब्द उचलून हो म्हणतात. 'शेवटचे घरातून निघाले तेव्हा काय झाले होते, कोण पोहोचवायला गेले होते, कपडे कोणते होते?' असे विचारा. साध्या धोतर-पटक्यात गेले की पलटणीच्या कपड्यांत, एवढ्या एका तपशिलाने मला दोन घरांत उत्तर मिळाले आहे.

तारा नाही म्हणून लगेच निष्कर्षही काढू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात पन्हाळ्याकडच्या एका घरी दोनच गोल पदके पाहून मी सांगून टाकले की, तुमचे आजोबा १९१६ नंतर गेले. वर्षभराने त्यांच्या चुलत घराण्यात वाटणीत गेलेला तारा सापडला, आणि त्या कुटुंबाला मी दिलेली सगळी हकिकत मला परत घ्यावी लागली. पदके भावाभावांत वाटली जातात, मुली आठवण म्हणून सासरी नेतात, आणि चांदीचे पदक तर पुष्कळ घरांत अडचणीच्या वर्षी सोनाराकडे मोडले गेले. त्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पदकांची कार्डे पाहावीत, त्यांत हिंदी सैन्यातल्या पुष्कळांची नोंद आहे. तिथे तारा लिहिलेला सापडला तर घरातून तो हरवला असे समजावे. कार्डच सापडले नाही तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पदकांचा काठ बघायला विसरू नका. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक टेबलावर सपाट ठेवून, खोलीत अंधार करून, मोबाइलचा प्रकाश अगदी बाजूने, जवळजवळ आडवा टाका आणि पदक हळूहळू फिरवा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते. कडेवरचा नंबर आणि तुमच्या फाटक्या कागदावरचा नंबर एकच निघाला तर माणूस एकच, हे पक्के होईल. ही खात्री आवश्यक आहे, कारण त्या पलटणींत एकाच नावाआडनावाचे चार-चार शिपाई सहज असत. कडेवर ११७ ऐवजी दुसऱ्याच पलटणीचा आकडा निघाला तरी गोंधळू नका. माणसे एका पलटणीतून दुसरीत पाठवली जात, म्हणून नंबर जुळणे अधिक महत्त्वाचे.

ती 'गोल थाळी' म्हणजे युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवलेले कांस्याचे स्मृतिपदक आहे. त्याचा व्यास १२ सेंटिमीटर, त्यावर हातात त्रिशूळ आणि माळ घेतलेली ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती) व सिंह, आणि उजव्या बाजूला चौकटीत उठावाचे नाव असते. एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराने ते घडवले. अशी तेरा लाखांहून अधिक पदके काढली गेली. त्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, कारण मेलेल्यांत मोठा-लहान करायचा नव्हता, आणि मृत्यूचे कारणही त्यावर नसते. गोळीने गेलेल्याच्या आणि हगवणीने गेलेल्याच्या घरी एकच पदक जात असे. तुमच्या ज्येष्ठांना दाखवायला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

आता बसरा स्मारक. 'स्मारकावर नाव म्हणजे देह सापडला नाही, म्हणजे लढाईतच गेले' असा समज बहुधा तुमच्या घरात याच शब्दावरून झाला असावा. तसे नाही. ज्यांची ज्ञात कबर नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक आहे, आणि हिंदू शिपायाला शक्य असेल तिथे अग्नी दिला जाई, त्यामुळे त्याची कबर असण्याचाच प्रश्न नव्हता. इस्पितळात वारलेले आणि लढाईत पडलेले त्या स्मारकात एकत्र आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव शोधण्याची तुमची कल्पनाही सोडून द्या. तिथे कोरलेली तेरा हजारांवर नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत, मेसोपोटेमियात गेलेल्यांची जागा बसरा आहे.

पण तिथेही एक दुःखाची गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी. बसऱ्याच्या भिंतीवर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला गेला. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने आपल्या या जुन्या भेदभावाचा अहवाल प्रसिद्ध करून माफी मागितली. शिवाय बसरा शहराजवळच्या धक्क्यावर असलेले ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने सुमारे ३२ किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्याकडे हलवण्यात आले. तेव्हा इंटरनेटवरच्या छायाचित्रांत त्यांचे नाव शोधत बसू नका. पलटणीच्या रोजनिशीतही, म्हणजे वॉर डायरीत, ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव आणि हिंदी शिपायांची संख्या असेच बहुधा लिहिलेले असते. आपल्याकडे काही गावांत चावडीवर किंवा देवळात संगमरवरी पाटी आहे, तिच्यावरही 'या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले' एवढाच आकडा असतो. सगळीकडे त्यांचा आकडा झालेला आहे. धातूत उमटलेले त्यांचे पूर्ण नाव तुमच्या ट्रंकेतल्या त्या पदकावर आहे, आणि एखाद्या बिल्ल्याच्या काठावर.

स्थानिक कागदांबद्दल थोडक्यात. ते अविवाहित होते, म्हणजे त्यांचा हिस्सा भावांकडे आला असणार. जुने फेरफार आणि वारसाच्या नोंदी उपलब्ध असतील तर त्यांत 'मयत' असा शेरा, कधी 'पलटणीत मयत' असा, सापडतो. संस्थानी काळातील कागद मोडीत आहेत, कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी जाणणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा. गावाचे नाव शोधताना त्या काळची हद्द ध्यानात ठेवा. कोल्हापूर हे १९४९ पर्यंत संस्थान होते, आजरा इचलकरंजी जहागिरीत होता, आणि चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून तिकडच्या शिपायांचा पत्ता बेळगाव असा सापडतो. तुमचा भुदरगड संस्थानातच होता, त्यामुळे 'गारगोटी, कोल्हापूर' असा पत्ता शोधावा. आडनावांची इंग्रजी रूपे मनाला येतील तशी केलेली आहेत. पोवार, पवार, पोवर ही तिन्ही करून पाहावीत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत ११७ पलटण त्या रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली, म्हणून तिकडे पत्र लिहिताना दोन्ही नावे लिहा. पहिल्या महायुद्धातल्या एका शिपायाचे स्वतंत्र सेवापुस्तक तिथे मिळेल अशी आशा मात्र धरू नका.

फलकाकडे येतो. ज्येष्ठांच्या हरकतीमागे वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. आजच्या सैन्यात 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली हानी) आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' (आजार, अपघात अशा इतर कारणांनी झालेली हानी) असा भेद आहे आणि त्यावर घरच्यांना मिळणारे लाभ ठरतात. गावात कुणा ना कुणाच्या घरी तो अनुभव असतो, म्हणून हाच भेद ते शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला लावत असावेत. पण फलक हा लाभाचा कागद नव्हे. 'शहीद' हा शब्द भारतीय सैन्यदलांच्या नियमांत अधिकृतपणे नाहीच, हे सरकारने संसदेत सांगितलेले आहे. तेव्हा त्या एका शब्दावरून गावाने भांडू नये. माझा सल्ला असा की, फलकाचे शीर्षक 'युद्धकाळात सैन्यसेवेत असताना प्राण गमावलेले गावकरी' असे ठेवावे आणि तुमच्या माणसापुढे 'शिपाई, ११७ मराठा पलटण, पहिले महायुद्ध, मेसोपोटेमिया आघाडीवर आजाराने निधन, ऑगस्ट १९१६' असे स्पष्ट लिहावे. 'लढताना वीरमरण' असे लिहू नका. आजार लपवण्याची गरज आहे असे आपणच मानले, तर हरकत घेणाऱ्याचे म्हणणे आपण मान्य केल्यासारखे होते. बसरा हे गावाचे नावही, वर सांगितलेला निवाडा होईपर्यंत, घालू नये. एकदा दगडावर चुकीचे कोरले की पुढच्या पिढ्या तेच खरे मानतात.

शेवटी आजींचा प्रश्न. धर्मशास्त्र हा माझा विषय नाही, निर्णय तुमच्या पुरोहितांनी आणि घराने करायचा आहे. मी पाहिलेले एवढे सांगतो. शस्त्राने किंवा घाताने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी धरतात, आणि युद्धात गेला म्हणजे शस्त्राने गेला असे समजून पुष्कळ घरांनी ती तिथी धरली. तारीख पक्की झाली तर जुन्या पंचांगावरून तिची तिथी काढून देता येते, आणि ज्यांची तिथी कळत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. पण आजींना माझ्या वतीने सांगा की, इतकी वर्षे त्यांनी चतुर्दशीला पान वाढले त्यात मला तरी चूक दिसत नाही. तो मुलगा युद्धात गेला हे त्यांच्या घराने बरोबरच ओळखले होते.

तर आता एवढे करा. बिल्ल्यांचे दोन्ही बाजूंचे आणि काठांचे फोटो, फाटक्या कागदाचा फोटो आणि आजींनी सांगितलेली निघतानाची हकिकत त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठवा. नंबर जुळतो का आणि तारा होता का, हे मी तुमच्याबरोबर बसून पाहीन. आणि एक विनंती आहे. आपल्याकडे खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर हे पदकही पूजेला मांडतात आणि त्याआधी चिंच-राखेने लखलखीत घासतात. तुमच्या घरीही तेच होत असणार, कारण नावाची अक्षरे पुसट झाल्याचे तुम्ही लिहिले आहे. या वर्षी ते पूजेला जरूर मांडा, पण घासू नका, कोरड्या मऊ सुती फडक्याने हलके पुसून ठेवा.